पासोडीवरचा देव, पुराणातला देव

दत्तभक्त संतकवी दासोपंतांनी अंबाजोगाईत देह ठेवला तो १६१५ साली. पुढच्याच वर्षी गोव्यातल्या रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ छापून बाहेर आले. दोघांची भाषा मराठी, छंद ओवी आणि विषय परमेश्वर. पण हा परमेश्वर एकच का?

पूर्वेचा देव चराचरात भरलेला, पश्चिमेचा जगापासून वेगळा, एकमेव आणि आज्ञा देणारा, अशी सोयीस्कर वाटणी आपण शाळेपासून ऐकतो. व्याख्यानाला ती बरी. दासोपंतांच्या बीड जिल्ह्यात एक चक्कर मारली की ती कोलमडते. परळीला वैजनाथाच्या लिंगावर भाविक स्वतः हात ठेवतात. कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी. त्यांच्या परंपरेतला लिंगायत इष्टलिंग अंगावरच वागवतो. अंबाजोगाईत योगेश्वरी ही आई, आणि गावाबाहेर दरीत मुकुंदराजांची समाधी. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११०चा, म्हणजे ११८८चा मानतात. त्यात ना मूर्ती, ना माय. आहे ते निर्गुण ब्रह्म. आणि आष्टी तालुक्यातल्या वाहिऱ्याचे शेख महंमद? कादिरी सूफी परंपरेतला हा माणूस ‘योगसंग्राम’ ओव्यांत लिहितो आणि वारकऱ्यांत संत म्हणून मान पावतो. त्यांना पूर्वेच्या रकान्यात घालायचे की पश्चिमेच्या?

खरा फरक देव किती, साकार की निराकार, यात सापडत नाही. तो सापडतो जग कुठून आले या प्रश्नात, आणि तिथे दासोपंतांची पासोडी कामाला येते. सुमारे चाळीस फूट लांब, चार फूट रुंद असे हे जाड कापड. त्यावर पंतांनी ‘पंचीकरण’ लिहून काढले आहे. ओव्या आहेत, शिवाय मांडणी समजावणाऱ्या आकृत्याही. (पंतांना रोज ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. सव्वा लाख ओव्यांचा मानला जाणारा ‘गीतार्णव’ पाहता ती खोटी वाटत नाही.) पंचीकरण म्हणजे आकाश, वायू, तेज, आप, पृथ्वी ही सूक्ष्म तत्त्वे एकमेकांत मिसळून स्थूल सृष्टी कशी होते, त्याचा उलगडा. वेदान्ती उलगडताना जातो ते उलट वाटेने: देह पंचभूतांत, पंचभूते मायेत आणि माया ब्रह्मात. शेवटी दुसरे काही उरत नाही.

स्टीफन्सच्या पुराणात असे होऊच शकत नाही. बायबलप्रमाणे तिथे देव सृष्टी निर्माण करतो, तीही शून्यातून. निर्माता आणि निर्मिती यांच्यातली भिंत कायमची. माणूस देवाच्या जवळ जाईल, देव होणार नाही. म्हणूनच देवाने एकदा माणूस होणे ही तिथे इतिहासातली एकमेव घटना ठरते. दासोपंत मात्र दत्ताचेच सोळा अवतार गातात.

तरी दत्ताने रूप घेण्याची अशी एक कथा एका परक्याने इंग्रजीत नेली. अमेरिकन मिशनरी जस्टिन अॅबट यांनी महाराष्ट्रातल्या संतकवींची इंग्रजी माला काढली. त्यात १९२८ साली दासोपंतांचे चरित्र आले. वडील सारा भरू शकले नाहीत म्हणून बिदरच्या बादशहाने लहानग्या दासोला ओलीस ठेवले, मुदतीत पैसे न आल्यास धर्मांतर ठरलेले. तेव्हा दत्त पाडेवाराच्या, म्हणजे गावच्या महाराच्या, वेशात येऊन रक्कम भरतो, ही त्यातली मुख्य कथा.

उलट, निर्गुणाविषयी मुकुंदराजांसारखे बोलणारे युरोपातही झाले. जर्मन धर्मोपदेशक एकहार्ट देवाच्याही पलीकडच्या निर्गुण तत्त्वाविषयी बोलला, तर १३२९ मध्ये पोपने त्याची २८ विधाने दोषी किंवा संशयास्पद ठरवली. देव आणि निसर्ग एकच मानणाऱ्या स्पिनोझाला ॲम्स्टरडॅमच्या ज्यू समाजाने १६५६ मध्ये बहिष्कृत केले. मुकुंदराजांच्या वाट्याला असे काही आल्याचे परंपरा सांगत नाही. पण यावर आपण फार खूश होऊ नये. आपल्याकडे पहारा मतांपेक्षा आचारावर होता. ज्ञानदेवांच्या घराण्याला वाळीत टाकले ते संन्याशाची मुले म्हणून. ब्रह्म सगुण की निर्गुण, हे त्यांना कोणी विचारले नाही. आणि दासोपंतांच्या कथेत देव ज्या पाडेवाराचे रूप घेतो, त्या पाडेवाराला गावच्या देवळाची पायरी चढायची मुभा नव्हती.