रातांब्याची साल: आगळापासून गोळीपर्यंत

कोकणात एप्रिल-मेमध्ये पिकणारे आणि गोव्यात भिरंड म्हणून ओळखले जाणारे रातांब्याचे, म्हणजेच कोकमाचे, फळ ज्या वृक्षाला लागते, त्याचे शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका असे असून पश्चिम घाटाचा पट्टा हे त्याचे मूळ घर आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याच्या 1563 साली गोव्यात छापल्या गेलेल्या ग्रंथातही या फळाची दखल आढळते. फळाची साल रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवली की आमसूल होते, रसात भरपूर मीठ घालून तो टिकवला की आगळ होतो आणि साल साखरेत मुरवली की अमृत कोकम तयार होते. फळ एकच असले, तरी शरीराच्या दृष्टीने या तीन वेगळ्या वस्तू आहेत. उन्हाळ्यात ‘थंड’ म्हणून पेल्यामागून पेले रिचवल्या जाणाऱ्या अमृत कोकमातून पोटात जाते ती मुख्यतः साखर, तर रक्तदाबाच्या रुग्णाने आगळ वापरताना त्यातील मिठाचा हिशेब ठेवावा लागतो.

सालीच्या आंबटपणाचे मुख्य कारण असलेल्या हायड्रॉक्सीसायट्रिक आम्लाची ओळख 1965 मध्ये लुईस आणि नीलकंठन या भारतीय संशोधकांनी पटवली, तीही कोकमात नव्हे, तर केरळात माशांच्या कालवणात पडणाऱ्या कुडंपुळी या त्याच्या भावंडात. शरीर जादा पिष्टमय पदार्थांचे रूपांतर चरबीत करते तेव्हा एटीपी सायट्रेट लायेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, कामी येते आणि हे आम्ल त्या विकराला अडवते. एवढ्या धाग्यावरून वजन घटवणाऱ्या गोळ्यांचा मोठा बाजार उभा राहिला. मात्र 1998 मध्ये अमेरिकेत 135 स्थूल व्यक्तींवर 12 आठवडे झालेल्या चाचणीत, रोज 1500 मिलिग्रॅम आम्ल घेणाऱ्यांचे वजन निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक उतरले नाही. गार्सिनियाचा अर्क असलेली पूरके घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याची प्रकरणेही पुढे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली. त्यांपैकी बऱ्याच पूरकांत इतर घटकही असल्याने दोष नेमका कोणाचा हे ठरवणे अवघड असले, तरी आमटीतील चार आमसुले पचतात म्हणून अर्काची गोळीही निर्धोक असेल, हा तर्क टिकत नाही.

अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावण्याचा आणि पिण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो. येथे भाषाच थोडी फसवते, कारण मराठीत घशाशी येणारी आंबट जळजळही पित्त आणि त्वचेवर उठणाऱ्या खाजऱ्या गांधीही पित्तच. गांधी उठतात त्या त्वचेतील पेशींनी सोडलेल्या हिस्टामिनसारख्या द्रव्यांमुळे, आणि त्यांतील प्रत्येक गांध बहुधा 24 तासांच्या आत आपोआप मावळते. त्यामुळे श्रेय आमसुलाला द्यावे की वेळेला, हे केवळ अनुभवावरून ठरत नाही. ओठ सुजणे किंवा श्वास लागणे ही लक्षणे दिसल्यास तर आमसूल भिजत घालण्यात वेळ दवडणे धोक्याचे ठरते.

स्वयंपाकात मात्र या आम्लाचे काम निर्विवाद आहे. माशाच्या वासाला कारणीभूत असलेली अमाइन नावाची द्रव्ये आम्लाशी संयोग पावून क्षाररूप होतात, क्षार हवेत उडत नाहीत, आणि त्यामुळे बांगड्याच्या तिखल्यात सोलं, म्हणजे आमसुलं, पडली की वास दबतो. सोलकढीचा गुलाबी रंग हा अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. आम्लात लाल दिसणारे हे द्रव्य नारळाच्या दुधाने आंबटपणा सौम्य झाला की छटा बदलते.

बियांतून निघणाऱ्या, मुठीत वळून ठेवल्या जाणाऱ्या मुठेलाबद्दल इतका वाद नाही. त्यातील स्टिअरिक आम्लाच्या मोठ्या प्रमाणामुळे ही चरबी घरातील तापमानाला घट्ट राहते आणि साधारण 40 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणून तो गोळा किंचित गरम करून भेगाळलेल्या टाचांना चोळतात. तेथे चरबीचा थर त्वचेतील ओलावा उडून जाऊ देत नाही.