सहा आकडे, तीन गट

आयसीयूतला पेशंट मला सहसा दिसत नाही. दिसतात त्याच्या ट्यूब. जांभळ्या झाकणाची सीबीसीसाठी, पिवळ्या झाकणाची किडनी-लिव्हरसाठी, शिवाय वॉर्डातले मामा जवळजवळ पळतच आणतात ती एबीजीची, म्हणजे धमनीतल्या रक्ताची, सिरिंज. सोलापुरातल्या एका रुग्णालयात मी लॅब टेक्निशियन आहे. मशीन आकडे देतं, मर्यादेबाहेरच्या आकड्यापुढे 'एच' किंवा 'एल' उमटतं, ते तपासून मी रिपोर्ट सोडते. हार्ट फेल्युअरच्या गंभीर पेशंटचा रिपोर्ट अशा खुणांनी भरलेला असतो. एकेक आकडा सुटा वाचला तर बरंच काही बिघडलंय, एवढंच कळतं.

काय बिघडलंय ते आकडे एकत्र वाचल्यावर दिसू लागतं. हृदयाचा जोर कमी पडला की पुढे रक्त अपुरं जातं आणि मागे तुंबतं. किडनीला दोन्हींचा फटका बसतो, म्हणून क्रिएटिनिन चढतं. लिव्हरच्या पेशी रक्ताअभावी मरू लागल्या की एसजीपीटी हजारांत जाऊ शकतं. शरीरभर ऑक्सिजन पुरेनासा झाला की लॅक्टेट साठतं आणि आम्लता आवरता आवरता बायकार्बोनेट उतरतं.

हार्ट फेल्युअरच्या पेशंटच्या, अमेरिकेतल्या 'अॅडहिअर' (ADHERE) नोंदवहीच्या अभ्यासकांनी 2005 मध्ये दाखवलं, की दाखल होतानाचे तीन आकडेही बरंच सांगतात : बीयूएन (रक्तातल्या युरियातलं नायट्रोजन) 43 किंवा जास्त, वरचा रक्तदाब 115 पेक्षा कमी, क्रिएटिनिन 2.75 किंवा जास्त. तिन्ही असलेल्यांपैकी रुग्णालयातच दगावणारे सुमारे 22 टक्के होते. बीयूएन कमी आणि रक्तदाब चांगला असलेल्यांत जेमतेम 2 टक्के. आपल्याकडे बऱ्याच रिपोर्टांवर बीयूएनऐवजी युरिया छापतात. त्या हिशेबात 43 म्हणजे साधारण 92.

2021 मध्ये अमेरिका आणि डेन्मार्कमधल्या नोंदी घेऊन आणखी एक पाऊल टाकलं गेलं. हे पेशंट कार्डिओजेनिक शॉकचे होते, म्हणजे हृदयच कमी पडल्याने अवयवांना रक्त पुरत नव्हतं. काहींना हार्ट अटॅक आलेला, काहींचं हार्ट फेल्युअर बळावलेलं. संगणकाला सहाच गोष्टी दिल्या : पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, क्रिएटिनिनवरून काढलेली किडनीची क्षमता, एसजीपीटी, लॅक्टेट, बायकार्बोनेट. कोण वाचलं, कोण गेलं, याचा आधार न घेता ज्यांचे आकडे एकमेकांशी मिळतेजुळते त्यांना संगणकाने एकत्र केलं. तीन गट पडले. पहिल्यात रक्त फारसं तुंबलेलं नाही. दुसऱ्यात हृदयासोबत किडनी खचलेली. तिसऱ्यात लॅक्टेट आणि एसजीपीटी चढलेलं, बायकार्बोनेट उतरलेलं. मग मृत्यूच्या नोंदी जोडून पाहिल्या. पहिल्या गटात मृत्यू सर्वांत कमी, तिसऱ्यात सर्वांत जास्त, निम्म्याहून अधिक.

मला यात मोलाचं वाटतं ते हे, की सहापैकी एकाही तपासणीसाठी नवं किट लागत नाही. या तपासण्या आमच्याकडे रोज होतात. अर्थात, कुठल्या गटाला कोणता उपचार दिल्याने जीव वाचतो, हे जुन्या नोंदी चाळून ठरत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष चाचण्या कराव्या लागतात. शिवाय गट हा पेशंटच्या नशिबाचा निकाल नव्हे. सहा तासांनी लॅक्टेट उतरलं, लघवी वाढली, तर चित्र बदलतं.

आणि सगळं मुळात सॅम्पलवर अवलंबून. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला किंवा सिरिंज खाली यायला उशीर झाला, तर लॅक्टेट खोटंच वाढतं. जांभळी ट्यूब नीट हलवली नाही तर प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि काउंट कमी दिसतो. असा आकडा पेशंटला भलत्याच गटात बसवेल, म्हणून शंका आली की मी वॉर्डात फोन करून नवं सॅम्पल मागवते.

नातेवाईक खिडकीशी येऊन विचारतात, “ताई, क्रिएटिनिन किती आलं?” मी त्यांना सांगते, डॉक्टरांना एकच आकडा विचारू नका. किडनी, लिव्हर आणि लॅक्टेट मिळून कालच्यापेक्षा आज कुठे चाललंय, ते विचारा.