पांडुरंग लऊळला आला

आषाढी एकादशी जवळ आली की आमच्या जेऊरचा वारकरी आगगाडीने कुर्डूवाडीस उतरतो आणि पंढरीची वाट धरतो. याच परिसरात, माढा तालुक्यात, लऊळ येथे संत कूर्मदासांची समाधी आहे.

कूर्मदास पैठणचे. हातपाय नसलेला हा भक्त पंढरीच्या ओढीने पोटावर सरपटत निघाला. लऊळला येईतो देह थकला. तेव्हा त्यांनी वारकऱ्यांकरवी विठ्ठलास निरोप धाडला, आणि देव स्वतः त्यांच्या भेटीस आला, अशी परंपरेची श्रद्धा आहे. महिपतींनी 1762 मध्ये रचलेल्या ‘भक्तविजया’त ही कथा आहे.

भाविकहो, या कथेचे मर्म कोणते? भक्ताला येववत नाही, म्हणून अंतर देवाने तोडले. हाच न्याय व्यवहारात आणावयाचा तर दिव्यांगाला कामास अपात्र ठरविण्यापूर्वी कामाची जागा त्याच्यायोग्य आहे काय, हे पाहिले पाहिजे. पायऱ्यांशेजारी उतरण, बसून करता येईल असे काम, अंधासाठी वाचून दाखविणारा सोबती, एवढ्यानेही पुष्कळ अडथळे दूर होतात.

विदर्भातील माधानचे संत गुलाबराव महाराज (1881–1915) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. शिष्यांनी ग्रंथ वाचून दाखवावे, महाराजांनी सांगावे आणि शिष्यांनी लिहावे, अशा रीतीने त्यांची विपुल ग्रंथसंपदा निर्माण झाली. जग त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणते. वाचक व लेखनिक लाभले नसते, तर त्यातील किती ग्रंथ आपल्या हाती येते?

आता कायद्याचेही पाठबळ आहे. 1995 च्या कायद्याने शासकीय नोकऱ्यांत 3 टक्के जागा राखल्या. 2016 च्या कायद्याने त्या 4 टक्के केल्या आणि दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले. किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्यास या राखीव जागांचा लाभ मिळतो. शासकीय कार्यालयाने दिव्यांग कर्मचाऱ्यास आवश्यक त्या सोयी देणे हे कर्तव्यच ठरले आहे.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार दिव्यांग नोंदले गेले. ही माणसे आपल्याच घरांतली, आपल्याच आळीतली आहेत. एकादशीला त्यांच्या हाती फराळाचे ताट देणे हे पुण्य खरेच. परंतु द्वादशीला दुकानाच्या गल्ल्यावर, शिलाईयंत्रावर वा हिशेबाच्या वहीपाशी त्यांना मानाने बसविणे आणि इतरांइतकेच वेतन देणे, हे त्याहून मोठे पुण्य होय. दानाने एक दिवस सरतो. कामाने माणूस उभा राहतो.