टाकाऊ प्लास्टिकचे विणकाम आणि पर्यावरणभान : ‘क्रोशे कोरल रीफ’ प्रकल्पाचा परिचय

प्रस्तावना
टाकाऊतून टिकाऊ ही कल्पना मराठी घरांना नवी नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी हे तिचे परिचित उदाहरण होय. गोधडीत कापड वाया जाऊ नये हा हेतू असतो. समकालीन वस्त्रकलेत मात्र कचरा कचरा म्हणूनच दृष्टीस पडावा, असाही हेतू आढळतो. मूळच्या ऑस्ट्रेलियातील मार्गारेट व क्रिस्टीन वर्थाइम या जुळ्या भगिनींनी २००५ मध्ये लॉस एंजेलिस येथे आरंभिलेला ‘क्रोशे कोरल रीफ’ हा प्रकल्प या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

तंत्र
या विणकामाचा पाया गणिती आहे. कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ डायना तायमिना यांनी १९९७ मध्ये हायपरबोलिक, म्हणजेच अपास्तीय, पृष्ठ क्रोशाने विणून दाखविले. ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवीत गेल्यास कडेची लांबी झपाट्याने वाढते आणि विणीला चुण्या पडतात. अनेक प्रवाळांची घडण अशीच असते. थोड्या जागेत अधिक पृष्ठभाग मिळाल्याने अन्नग्रहण सुलभ होते. याच पद्धतीने हजारो स्त्री-पुरुषांनी लोकरीचे प्रवाळ विणले. पुढे प्लास्टिकच्या पिशव्या पट्ट्यांत कापून त्यांचाच धागा करण्यात आला व त्यातून ‘टॉक्सिक रीफ’ साकारले.

आशय
येथे माध्यम हाच आशय आहे. आशिया-पॅसिफिक प्रदेशातील १५९ प्रवाळभित्तींच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, प्लास्टिकचा संपर्क आल्यास प्रवाळांना रोग होण्याची शक्यता ४ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांपर्यंत वाढते. ज्या वस्तूने प्रवाळ रोगग्रस्त होतो, तिनेच त्याची प्रतिकृती घडविली जाते, हा विरोधाभास प्रेक्षकाला अस्वस्थ करतो.

मर्यादा
अशा कलेत वापरला जाणारा कचरा एकूण कचऱ्याच्या तुलनेत नगण्य असतो. शिवाय प्रवाळांच्या विरंजनाचे प्रमुख कारण समुद्राची तापमानवाढ हे आहे. ते विणकामाने दूर होत नाही. म्हणून यास कचरा-व्यवस्थापन मानणे चुकीचे ठरेल.

समारोप
या कलेचे मोल अन्यत्र आहे. काही मिनिटांच्या वापरानंतर फेकलेली पिशवी विणावयास कित्येक तास लागतात. हा वेळ देणाऱ्या हातांना प्लास्टिकचे टिकाऊपण आणि प्रवाळाची संथ वाढ या दोहोंची जाणीव होते. गणित, जीवशास्त्र व गृहविज्ञान हे विभाग महाविद्यालयात एकत्र आणणारा उपक्रम म्हणूनही त्याचा विचार व्हावा.