हळदीचा भाव डोळ्याने, कस यंत्राने

मार्च उजाडला की नांदेडच्या नव्या मोंढ्यात हळदीचे ढीग लागू लागतात. अर्धापूर, मुदखेड, भोकर, हदगाव या भागांतला माल येतो आणि लिलाव ढिगाढिगाने पुढे सरकतो. खरेदीदार वाकून एक हळकुंड उचलतो, तळहातावर जोखतो आणि मोडतो. मोडताना खणखणीत आवाज आला तर माल नीट वाळलेला. मोडलेल्या तोंडाशी गडद केशरी रंग दिसला तर बोली चढते. लांबी, जाडी, पॉलिशची चमक, किडीची भोके एवढे पाहून क्विंटलचा भाव ठरतो. ज्या पदार्थामुळे तो केशरी रंग आला, त्या कर्क्युमिनचे प्रमाण मात्र त्या ढिगाजवळ उभे राहून कुणी मोजत नाही.

लातूरच्या मोंढ्यात यंत्र आहे, पण त्याचे काम वेगळे. तिथे सोयाबीन आले की मूठभर दाणे ओलावा मोजणाऱ्या मीटरमध्ये जातात. हमीभावाच्या सरकारी खरेदीची मर्यादा १२ टक्के ओलाव्याची. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ती त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, एवढे राजकारण त्या एका आकड्याभोवती फिरले. सोयाबीनची खरी किंमत ज्यात आहे, ते साधारण १८ ते २० टक्के तेल आणि ४० टक्क्यांच्या आसपासची प्रथिने, त्यांची नोंद शेतकऱ्याच्या पट्टीवर कुठेच येत नाही. मालाची खोट मोंढ्यात मोजली जाते. कस मोजला जातो तो पुढे, माल शेतकऱ्याच्या हातातून गेल्यावर, कारखान्याच्या प्रयोगशाळेत. हळदीच्या बाबतीत हे अंतर सगळ्यात जास्त बोचते, कारण आज जगभर हळदीच्या नावाने जे विकले जाते, त्यातले बरेचसे कर्क्युमिनच्या टक्केवारीच्या जोरावर विकले जाते.

एका रंगाचे तीन मालक

हळदीतला पिवळा पदार्थ १८१५ मध्ये फोगेल आणि पेल्तिये या रसायनशास्त्रज्ञांनी वेगळा काढला. त्याची रासायनिक रचना कळायला १९१० उजाडले. पुढे लक्षात आले की हा रंग एकट्या कर्क्युमिनचा नाही. त्याच्या जोडीला डेमेथॉक्सीकर्क्युमिन आणि बिसडेमेथॉक्सीकर्क्युमिन असे दोन भाऊबंद असतात. तिघांना मिळून ‘कर्क्युमिनॉइड’ म्हणतात. बाजारात ‘कर्क्युमिन’ म्हणून मिळणाऱ्या अर्कात साधारण ७७ टक्के कर्क्युमिन, १७ टक्के दुसरा आणि ३ टक्के तिसरा असे प्रमाण असते.

या रेणूचा स्वभाव महाराष्ट्रातल्या बायकांना प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी ठाऊक होता. हळदीत चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ मिसळला की ती लाल होते, आणि पारंपरिक कुंकू याच गुणावर तयार होत आले. पण अल्कधर्मी द्रावणात आणि उजेडात कर्क्युमिन लवकर विघटतेही. काचेच्या पारदर्शक बरणीत, खिडकीशी ठेवलेली हळद फिकी पडते ती त्यामुळे.

हळदीचा वास हे आणखी वेगळे प्रकरण. तो येतो उडनशील तेलातून, ज्यात टर्मेरोन हा मुख्य घटक. म्हणजे रंगाने तेज हळद वासाने तेज असेलच असे नाही.

कर्क्युमिन किती, हे आधी वाणावर ठरते. कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेच्या ‘प्रभा’ वाणात ते ६.५ टक्के आणि ‘प्रतिभा’त ६.२ टक्के नोंदवलेले आहे. वर्ध्याच्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते याच गुणाच्या बळावर. मेघालयातली लाकाडोंग सात टक्क्यांच्या घरात जाते. मराठवाड्यात मात्र राज्य आहे ‘सेलम’चे. तिच्यात कर्क्युमिन या उंच आकड्यांपेक्षा कमी, पण उतारा भरघोस. शिवाय एकाच वाणाचे बेणे दोन गावांत लावले तरी आकडा बदलतो: जमीन, पाणी, काढणीचे वय, शिजवण्याची वेळ या सगळ्यांचा त्यात हात असतो. पाला पूर्ण वाळण्याआधी काढलेली हळद कच्ची राहते. कुकरमध्ये जास्त शिजलेली हळद रंग गमावते.

एकूण हजेरी आणि नावानिशी हजेरी

प्रयोगशाळेत कस मोजण्याचे दोन रस्ते आहेत. जुना आणि स्वस्त रस्ता रंगाचा. ठरावीक वजनाची पूड अल्कोहोलमध्ये घालून तिचा रंग उतरवून घेतात आणि ते पिवळे द्रावण स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ठेवतात. ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळसर-जांभळा प्रकाश त्यातून जाऊ देतात. द्रावणाने जितका प्रकाश शोषला, तितके कर्क्युमिनॉइड जास्त. मसाल्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारात हीच पद्धत रूढ आहे.

दुसरा रस्ता एचपीएलसीचा. यात द्रावण मोठ्या दाबाने एका बारीक नळीतून ढकलले जाते. नळीत अतिसूक्ष्म कण ठासून भरलेले असतात आणि प्रत्येक घटक त्या कणांना कमी-जास्त चिकटत, आपापल्या वेळेला बाहेर पडतो. पडद्यावर प्रत्येकाचा वेगळा उंचवटा उमटतो. शुद्ध नमुन्याच्या उंचवट्याशी त्याची तुलना केली की प्रमाण कळते. वर्गात एकूण किती मुले बसली आहेत हे रंगमापी सांगतो. एचपीएलसी एकेकाचे नाव घेऊन हजेरी लावते.

नावे घेण्याचा फायदा भेसळ पकडताना दिसतो. कारखान्यात कृत्रिमरीत्या तयार केलेले कर्क्युमिन स्वस्त पडते आणि रंगमापीला ते उत्तम हळदीसारखेच वाटते. एचपीएलसीमध्ये मात्र बाकीचे दोन भाऊबंद गायब दिसतात आणि संशय येतो. पक्का निवाडा कार्बन-१४ च्या तपासणीत होतो. पेट्रोलियमपासून बनलेल्या रेणूत हा किरणोत्सारी कार्बन उरलेला नसतो. शेतातून आलेल्या हळदीत तो असतो.

डोळा ज्याला सर्वात सहज फसतो ते म्हणजे लेड क्रोमेट, शिशाचे चकचकीत पिवळे संयुग. पॉलिश करताना ते चोळले की फिकट हळकुंडही उठून दिसते. पण ते अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे रंगमापीवरचा आकडा त्याने वाढत नाही. मेटॅनिल यलो या कापडाच्या रंगाचे उलटे: तो विरघळतो, आणि रंगमापीलाही गंडवू शकतो. बांगलादेशात हळदीतले शिसे हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न बनला तेव्हा तिथल्या सरकारने बाजारात तपासण्या, जप्ती आणि जनजागृती एकदम सुरू केली. २०१९ मध्ये ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते. २०२१ मध्ये ते शून्यावर आले. भारतात हळदीतल्या शिशाची कायदेशीर मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम आहे, आणि पुडीत किमान २ टक्के कर्क्युमिनॉइड असलेच पाहिजे असा अन्नसुरक्षा नियम सांगतो.

एकच ५००, तीन अर्थ

नांदेड-लातूरच्या औषध दुकानांतही आता हळदीच्या कॅप्सुल दिसतात. डबीवर ‘५०० मिलिग्रॅम’ ठळक छापलेले असते, आणि तिथेच वाचणाऱ्याने थांबायला हवे. कॅप्सुलमध्ये नुसती हळदपूड असेल आणि तीत ३ टक्के कर्क्युमिनॉइड असतील, तर पोटात जातात १५ मिलिग्रॅम. त्याच वजनाचा ९५ टक्क्यांचा अर्क असेल तर ४७५. आणि त्या ४७५ मध्ये खुद्द कर्क्युमिन मोजायचे म्हटले तर साधारण ३६५. आकडा तोच, माल तीसपटीने वेगळा.

ओलाव्याचाही खेळ असतो. दहा टक्के ओलावा असलेल्या पुडीत ४ टक्के कर्क्युमिनॉइड निघाले, तर तीच पूड ‘कोरड्या वजनावर’ ४.४४ टक्क्यांची ठरते. दोन्ही आकडे खरे. विकणारा साहजिकच दुसरा छापतो.

हीच तपासणी कलौंजीच्या तेलालाही लागू पडते. आयुर्वेदिक आणि युनानी दुकानांत त्याच्या छोट्या बाटल्या असतात आणि अलीकडे त्यांवर ‘थायमोक्विनोन’ची टक्केवारी दिसते. हा घटक कलौंजीच्या उडनशील तेलात असतो. घाण्यातून निघणाऱ्या स्थिर तेलात तो उतरतो तो थोडाच, आणि उजेड-उष्णतेने घटत जातो. म्हणून बाटली गडद काचेची आहे का, तपासणी कोणत्या लॉटची आणि कोणत्या तारखेची, हे टक्केवारीइतकेच महत्त्वाचे. काळ्या रंगामुळे गोंधळ होतो तो वेगळाच: मराठवाड्यात चटणीला लागणारे कारळे म्हणजे कलौंजी नव्हे. कारळे सूर्यफुलाच्या कुळातले, कलौंजी बचनागाच्या. एकाचे तेल दुसऱ्याच्या नावाने घेतले तर थायमोक्विनोन शोधण्यात अर्थच नाही.

कस भरला, म्हणून गुण आला?

प्रयोगशाळेचा दाखला सांगतो तो बाटलीत किती आहे ते. शरीरात किती पोचले याबद्दल तो गप्प असतो. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून फारच थोडे शोषले जाते आणि यकृत ते झपाट्याने मोडते. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत काळ्या मिरीतले २० मिलिग्रॅम पायपरीन दिले, तेव्हा माणसांच्या रक्तातले कर्क्युमिनचे प्रमाण वीसपटीने वाढलेले दिसले. तेव्हापासून अनेक कॅप्सुलांत मिरीचा अर्क असतो. पण शोषण वाढवणे म्हणजे निव्वळ फायदा असे नाही. २०१९ मध्ये इटलीत हळदीची पूरक उत्पादने घेणाऱ्यांत यकृताच्या दाहाचे रुग्ण आढळले आणि तिथल्या आरोग्य खात्याला इशारा द्यावा लागला. वरणातली चिमूटभर हळद आणि रोजची ९५ टक्क्यांची कॅप्सुल यांना एकाच मापाने तोलता येत नाही. रक्त पातळ करणारी औषधे किंवा यकृताचा त्रास असलेल्यांनी कॅप्सुलपूर्वी डॉक्टरांना विचारलेलेच बरे.

क्विंटलचा हिशेब

या सगळ्यात शेतकरी कुठे बसतो? समजा, एका एकरात सेलमची २५ क्विंटल वाळलेली हळद निघाली आणि तीत ३.५ टक्के कर्क्युमिन भरले. म्हणजे एकरी साडेसत्त्याऐंशी किलो कर्क्युमिन. शेजारच्या रानात ५.५ टक्क्यांचा वाण लावला, पण उतारा १६ क्विंटलच आला. तिथे ८८ किलो. अर्क काढणाऱ्या कारखान्याच्या दृष्टीने दोन्ही एकर सारखेच, उलट दुसऱ्यात कमी माल दळावा लागतो. मोंढ्यात मात्र दोघांना जवळपास एकाच भावाने पैसे मिळाले, तर दुसऱ्या शेतकऱ्याचे नऊ क्विंटल बुडाले. सेलम सोडायला अर्धापूरचा शेतकरी तयार होत नाही, त्यामागे हे साधे गणित आहे.

गणित बदलण्याच्या हालचाली दिसतात. राज्य सरकारने वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने हरिद्रा संशोधन केंद्राची उभारणी हाती घेतली. २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. केंद्राचे राष्ट्रीय हळद मंडळ जानेवारी २०२५ मध्ये निजामाबादला सुरू झाले, म्हणजे नांदेडपासून फार दूर नाही. मानांकन गावाचे नाव जपते. पोत्यापोत्यातला आकडा त्यातून निघत नाही. त्यासाठी शेतकरी उत्पादक कंपन्यांना लिलावाआधीच काम करावे लागेल: एका वाणाचा, एकाच वेळी शिजवलेला माल वेगळा ठेवायचा, अनेक पोत्यांतून थोडी थोडी हळकुंडे काढून एकत्र दळायची, त्यातला नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि अहवालात पद्धत व ‘कोरड्या वजनावर’ की ‘आहे तसे’ हे लिहून घ्यायचे. मसाला अर्क कारखान्यांशी बोलणी करताना तो कागद टेबलावर असेल, तर दर क्विंटलवर न ठरवता टक्क्यावर ठरवण्याची मागणी करता येते.