पिस्तुलाचा सातबारा

गंगाखेडमध्ये 'सिंगर' म्हटलं की शिंप्याचं मशीन डोळ्यांसमोर येतं. 'रेमिंग्टन' म्हटलं की कोर्टाबाहेर अर्ज टंकून देणाऱ्याचं यंत्र. सिग्नल म्हटलं की परळी-परभणी मार्गावरचं आपलं रेल्वे स्टेशन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या लष्करासाठी एकाच नमुन्याचं पिस्तूल ज्या मोजक्या कारखान्यांनी बनवलं, त्यांत शिलाई मशीनवाली सिंगर होती, टाइपरायटरवाली रेमिंग्टन रँड होती आणि रेल्वेचे सिग्नल बनवणारी युनियन स्विच अँड सिग्नलही होती. आज जगभरचे संग्राहक या पिस्तुलांच्या मागे आहेत आणि त्यांची पहिली नजर जाते ती धातूवर कोरलेल्या नावाकडे.

सिंगरने अशी फक्त 500 पिस्तुलं बनवली. लढाई आलीच तर साधी यंत्रं बनवणारा कारखाना शस्त्रं बनवू शकेल का, हे पाहण्यासाठी सरकारने दिलेलं ते चाचणीचं काम होतं. काम उत्तम झालं, पण सिंगरला पुढे त्याहून नाजूक, तोफांच्या नेमबाजीच्या यंत्रांचं काम मिळालं आणि पिस्तुलं तेवढ्यावरच थांबली. रेमिंग्टन रँडने मात्र साडेआठ लाखांहून जास्त बनवली. दोन्हींचा आराखडा एक, काडतूस एक, मारा एक. तरी रेमिंग्टन रँडचं पिस्तूल अमेरिकेत काही हजार डॉलरांत मिळतं आणि सिंगरच्या एका पिस्तुलाला लिलावात चार लाख डॉलरच्या वर किंमत आलेली आहे.

या पिस्तुलाचं नाव कोल्ट एम 1911. रचनाकार जॉन मोझेस ब्राउनिंग, अमेरिकेतल्या युटा प्रांतातल्या ऑग्डेन गावचा, बंदुका दुरुस्त करणाऱ्या बापाचा मुलगा. फिलिपिन्समधल्या लढायांत अमेरिकी सैनिकांच्या .38 रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या खाऊनही मोरो योद्धे चालून येत होते. तेव्हा लष्कराने .45 बोअरचं, म्हणजे जवळपास साडेअकरा मिलिमीटर जाडीच्या गोळीचं शस्त्र मागितलं. शेवटच्या चाचणीत ब्राउनिंगच्या पिस्तुलातून 6,000 गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते एकदाही अडकलं नाही. 29 मार्च 1911 रोजी लष्कराने ते स्वीकारलं आणि 1985 पर्यंत तेच अमेरिकी सैन्याचं मुख्य पिस्तूल राहिलं.

'सेमी-ऑटोमॅटिक' म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढची गोळी नळीत भरण्याचं काम पिस्तूल स्वतः करतं. गोळी पुढे जाते तेव्हा मागे बसणाऱ्या धक्क्याने वरची स्लाइड मागे सरकते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, घोडा चढवते आणि स्प्रिंगच्या जोराने परत येताना मुठीतल्या मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत ढकलते. .45 काडतुसाचा जोर मोठा. म्हणून एम 1911 मध्ये नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकींत अडकलेल्या राहतात, गोळी बाहेर पडल्यावर नळीचं मागचं टोक खाली झुकतं आणि मग दोघी सुटतात. ब्राउनिंगच्याच लहान .32 बोअरच्या पिस्तुलांत हे अडकवणं लागत नाही, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग पुरते. असं एक लहान पिस्तूल, कोल्टचं 1903 चं पॉकेट मॉडेल, पुढे अमेरिकेने आपल्या सेनानींना अधिकृत शस्त्र म्हणून दिलं. आयसेनहॉवरकडे होतं, पॅटनकडेही होतं. आपल्या इतिहासाशी या लहान पिस्तुलाचं नातं मोठं आहे, त्याकडे येतोच.

आधी संग्राहक नेमकं काय पाहतो ते. एम 1911 चे सुटे भाग एका कारखान्याचे दुसऱ्याच्या पिस्तुलात बसतात, मुद्दाम तसेच बनवले होते. सैन्यासाठी ही मोठी सोय, संग्राहकासाठी डोकेदुखी. दुरुस्तीच्या आगारात शेकडो पिस्तुलं एकदम उघडली जात आणि जो भाग हाताला लागेल तो बसवला जाई. म्हणून खाली कोल्टचा सांगाडा, वर रेमिंग्टन रँडची स्लाइड आणि आत तिसऱ्याचीच नळी, अशी पिस्तुलं भरपूर सापडतात. जाणकार प्रत्येक भागावरच्या खुणा तपासतो. 'जीएचडी' ही लष्करी तपासनीस गाय ड्र्युरीची अक्षरं कोल्टच्या पिस्तुलावर शोभतात, 'एफजेए' ही फ्रँक ॲटवूडची रेमिंग्टन रँडवर. 1920 च्या दशकात नमुना सुधारला, तेव्हा चाप आखूड झाला आणि चापामागे बोटासाठी धातू खरवडला गेला. जुन्या नंबरच्या पिस्तुलावर हा खरवडा दिसला, तर काहीतरी बदललेलं आहे. आणि कुणी हौसेने घासूनपुसून नवा निळा मुलामा चढवला असेल, तर निम्मी किंमत तिथेच गेली.

सगळ्यांत वर आहे नंबर. कोल्ट कंपनीचा दफ्तरखाना अजून शाबूत आहे. जुन्या पिस्तुलाचा नंबर आणि फी पाठवली की ते कोणत्या तारखेला आणि कुणाकडे रवाना झालं याचं पत्र मिळतं. शेतजमीन कितीही कसदार असो, सातबारा स्वच्छ नसेल तर तिला गिऱ्हाईक मिळत नाही; पिस्तुलाच्या बाबतीत ते पत्र म्हणजे सातबारा. माझ्या मते या छंदाचं सगळं सत्त्व इथेच आहे. नंबर आणि कागद जुळत नसतील, तर उरतं ते फक्त जुनं लोखंड.

हे आपल्याकडे किती खरं ठरलं, ते पाहू. 1909 साली सावरकरांनी लंडनहून 20 ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन या इंडिया हाउसमधल्या स्वयंपाक्याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात पाठवली. ब्राउनिंगने युरोपातले हक्क बेल्जियमच्या एफएन कारखान्याला दिले होते, त्यामुळे बुद्धी अमेरिकेची आणि घडण बेल्जियमची अशी ती पिस्तुलं. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनच्या निरोपासाठी 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. तिथे अनंत कान्हेरेंनी जॅक्सनवर ब्राउनिंग चालवलं. अठरा वर्षांचे कान्हेरे मूळचे कोकणातले, पण शिकायला होते औरंगाबादेत, आपल्या मराठवाड्यात, निजामाच्या मुलखात. 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे फाशी गेले. अमीन माफीचा साक्षीदार झाला, पिस्तुलांचा माग लंडनपर्यंत लागला आणि सावरकरांवरच्या खटल्यात तो मोठा पुरावा ठरला.

दुसरी हकीकत राजगुरूंच्या सोबत्याच्या पिस्तुलाची. 17 डिसेंबर 1928 रोजी लाहोरला इंग्रज पोलीस अधिकारी साँडर्सवर पहिली गोळी झाडली ती पुणे जिल्ह्यातल्या खेडच्या शिवराम हरी राजगुरूंनी, पाठोपाठ भगतसिंगांनी. भगतसिंगांचं पिस्तूल .32 बोअरचं अमेरिकी कोल्ट होतं. खटल्यानंतर ते सरकारी भांडारांतून फिरत राहिलं आणि 1969 मध्ये इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशिक्षण केंद्रात आलं. गंज लागू नये म्हणून त्यावर काळ्या रंगाचे थर चढवले होते आणि त्याखाली नंबर बुजला होता. काही वर्षांपूर्वी रंग काढला, तेव्हा 168896 हा नंबर दिसला आणि तो खटल्याच्या कागदातल्या नंबरशी जुळला. मग त्याचा मान त्याला मिळाला. ते पंजाबात हुसैनीवाला इथे गेलं. चंद्रशेखर आझादांचं कोल्टही इंग्रज अधिकाऱ्याने विलायतेला नेलं होतं. ते परत आलं आणि आता प्रयागराजच्या अलाहाबाद संग्रहालयात आहे. रंगाच्या थराखाली तो नंबर कुणी घासून टाकला असता, तर भगतसिंगांचं पिस्तूल आज कोणत्या तरी कपाटात बेवारस पडलेलं असतं. हा विचार मला अस्वस्थ करतो.

आता हा छंद आपल्याला करता येईल का? अमेरिकेत कायद्याने 'अँटिक' म्हणजे 1898 किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र. अमेरिकी सैन्याची सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं त्यानंतरची, त्यामुळे कितीही जुनी झाली तरी त्यांना ती सवलत नाही. आपला 1959 चा शस्त्र कायदा वर्षं मोजतच नाही. कालबाह्य, पुराणवस्तूचं मोल असलेलं किंवा मोडकं शस्त्र परवान्यातून सुटतं, पण ते दुरुस्त करूनही वापरता येण्याजोगं नसेल तरच. एम 1911 ला लागणारी काडतुसं आजही बनतात, शंभर वर्षांचं पिस्तूल आजही चालतं. म्हणजे ते शोभेची वस्तू नाही, शस्त्रच आहे. त्यातही .45 बोअर आपल्याकडे निषिद्ध गटात. .32 बोअरला नेहमीचा परवाना मिळू शकतो, आपल्या सरकारी कारखान्यांचं 'अशनी' पिस्तूलही याच काडतुसावर चालतं. पण 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाकडे दोनच शस्त्रं राहू शकतात, वारसाने आलेली धरून. 1980 च्या दशकापासून सामान्य माणसासाठी परदेशी शस्त्रांची आयातही बंद आहे. दोन शस्त्रांचा संग्रह होत नाही. इथल्या अभ्यासकाने संग्रह करावा तो छायाचित्रांचा, नंबरांचा, खटल्यांच्या कागदांचा.

तरीही गंगाखेडसारख्या तालुक्यात जुन्या वाड्यांच्या पेटीत एखादं शस्त्र निघू शकतं. सप्टेंबर 1948 च्या पोलिस कारवाईपर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि राज्यकारभार उर्दूत चाले. तेव्हा आजोबांच्या पेटीत पिस्तूल सापडलं, तर त्यासोबतचा उर्दू कागद रद्दीत टाकू नये. तो कदाचित परवाना असेल, जाणत्याकडून वाचून घ्यावा. पिस्तूल पॉलिश करू नये, चालवून तर मुळीच पाहू नये. चाळीसगाव-नांदेडच्या बाजारात विचारत फिरणंही नको. विनापरवाना पिस्तूल बाळगण्याला दोन ते पाच वर्षांची कैद आहे आणि निषिद्ध बोअरचं असेल तर सात ते चौदा वर्षांची. परवानाधारक वारला की वारसांनी शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं, असं कायदाच सांगतो. नंतर वारस म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे परवान्यासाठी अर्ज करता येतो. जमा करताना पावतीवर नंबर, बोअर आणि बनावटीचं नाव पूर्ण लिहून घ्यावं. 'एक जुने पिस्तूल' एवढंच लिहिलेली पावती घेऊन घरी येऊ नये.