कासारवाडी कुठली? आणि पान कुठलं?

कासारवाडी कुठे आहे? "दापोडी आणि पिंपरीच्या मध्ये!" आमच्या वर्गातली मुलं एका सुरात ओरडतील. पण कासारवाडी मुंबईत दादरलाही आहे बरं का! मग पाकिटावर नुसतं 'कासारवाडी' लिहिलं, तर पोस्टमनकाकांनी काय करायचं?

असे घोटाळे टळावेत म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवीसुद्धा! आपला पिन ४११०३४. पहिल्या ४ वरून मोठा विभाग कळतो, ४११ वरून पुणे आणि शेवटच्या तीन आकड्यांवरून टपाल कार्यालय. मुंबईचा पिन मात्र ४०० ने सुरू होतो. दिल्लीत पत्रं निवडणाऱ्याला आपल्या गल्ल्या ठाऊक नसल्या तरी चालतं. त्याने आधी पहिला आकडा बघायचा, पुढचं पुढचे बघतील.

वेबसाइटवरही अगदी असंच चालतं. समजा, शाळेची वेबसाइट आहे. तिला 'वाचनालय' आणि 'खेळ' असे दोन भाग मागाहून जोडले. अशा भागांना प्लगिन म्हणतात. दोघांतही 'यादी' नावाचं पान आहे. आता नुसती 'यादी' मागितली तर कुठली द्यायची? म्हणून प्रत्येक प्लगिन जोडतानाच आपली पाटी नोंदवतं. 'वाचनालय/यादी' असा पत्ता आला की मुख्य प्रोग्रॅम फक्त पहिली पाटी वाचतो आणि उरलेला पत्ता वाचनालयाच्या हाती देतो. यालाच राउटिंग म्हणतात. कुठलीच पाटी जुळली नाही, तर उत्तर येतं ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'.

पण पाट्यांचा क्रमही महत्त्वाचा. आम्ही वर्गात बुटांच्या खोक्यांचं टपालघर केलं होतं. नियम असा, की पहिल्या खोक्यापासून बघत जायचं आणि जिथे पत्र बसेल तिथे टाकायचं. मी मात्र 'कोणतंही पत्र' हे खोकं सगळ्यांत पुढे ठेवलं! आजारी असलेल्या एका मैत्रिणीने घरून धाडलेलं पत्र त्यातच आठवडाभर पडून राहिलं. "कुणीच उत्तर दिलं नाही," म्हणून ती बिचारी रुसली. चूक तिच्या मैत्रिणींची नव्हती, माझी होती. दुसऱ्या दिवशी ते खोकं शेवटी गेलं आणि तिला एकदम बारा पत्रं गेली!

पुष्कळ वेबसाइटींतही पाट्या अशाच क्रमाने तपासतात. म्हणून नेमक्या पाट्या आधी आणि 'कोणतीही' सगळ्यांत शेवटी.

तुम्हीही घरी चार खोकी मांडून बघा. आई-बाबांना खोटे पत्ते लिहायला सांगा. एखादं पत्र चुकलं, तर पत्र लिहिणाऱ्याला बोल लावण्याआधी खोक्यांचा क्रम तपासा हं!